वरीलपैकी जावई कोणता?

तेरा वर्षं मी माणसांना चुकीची उत्तरं ओळखायला शिकवलं. बरोबर उत्तरं शिकवणारे गल्लोगल्ली आहेत. आमच्या सावेडीत तर एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्यांचेच फ्लेक्स, आणि त्यावर पास झालेल्यांचे पासपोर्ट फोटो. माझ्या क्लासचा फ्लेक्स कधी लागला नाही. लावून त्यावर लिहिणार काय? 'येथे चुकण्यापासून वाचवले जाईल'? लोक दवाखाना समजले असते.

आधी धंदा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सरकारी नोकरीच्या परीक्षेत मराठीच्या पेपरात एक उतारा असतो, दहा-बारा ओळींचा. त्याच्याखाली पाच प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. पाठांतर नाही, निबंध नाही. वाचायचं आणि चारांतलं एक निवडायचं. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी एकदा भर पंगतीत विचारलं होतं, उत्तर खाली छापलेलंच असतं म्हणे, मग तू शिकवतेस तरी काय? सगळे हसले. मीही हसले. पण खरी गोम तीच आहे. उत्तर छापलेलं असतं, आणि त्याच्या मांडीला मांडी लावून तीन खोटी उत्तरं बसलेली असतात. ती कुणीतरी डोकं लावून, वेळ घालवून तयार केलेली असतात. बरोबर उत्तर लिहायला पेपर काढणाऱ्याला मिनिटभर लागतं. खोटं उत्तर खरं वाटेल असं लिहायला त्याची दुपार जाते.

मी भिंगारच्या एका शाळेतून मराठीची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. घरी बसून दोन महिन्यांत आमच्या ह्यांचं डोकं खाल्लं, तेव्हा त्यांनीच ही खोली शोधून दिली. पिठाच्या गिरणीच्या वर. खाली बाजरी दळायला आली की वर बाक थरथरायचे. जिन्यावर पीठ, वहीवर पीठ, माझ्या पदरावर पीठ. शनिवार-रविवार अकरा ते एक. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेडची मुलं पहिल्या एसटीनं यायची. मुलं म्हणते, पण त्यात दोन लेकरांच्या आयाही होत्या आणि टक्कल पडलेले बापही. अलीकडं त्यांना आणखी एक कोडं पडायचं. दाखल्यावर अहमदनगर, अर्जात अहिल्यानगर, टिक कशावर करू? मी म्हणायचे, बाबा रे, आयुष्यात हा एकच प्रश्न असा आहे की दोन्ही पर्याय बरोबर आहेत, घाबरू नको.

तर ती तीन खोटी उत्तरं. एक असतं उगाच आलेलं, त्याला कुणी भुलत नाही. एक असतं अर्धं खरं. आणि तिसऱ्याला मी जावई म्हणायचे. जावई कसा येतो, इस्त्रीचे कपडे, गोड बोलणं, सगळे उठून त्याला जागा देतात. बोलतो घरातल्यासारखा, पण घरातला नसतो. तसा हा पर्याय. उताऱ्यातलेच शब्द अंगावर घालून येतो. मी फळ्यावर उदाहरण द्यायचे. गावानं विहीर खोदली. पाणी लागलं, पण खारट निघालं. लोक पुन्हा टँकरची वाट बघू लागले. आता प्रश्न, विहिरीमुळे काय झाले? एक पर्याय असायचा, 'गावाचा पाण्याचा प्रश्न सुटला.' दुसरा, 'गावाची परिस्थिती बदलली नाही.' दरवर्षी निम्मा वर्ग पहिल्यावर हात वर करायचा. विहीर आहे, पाणी आहे, गाव आहे, आणि शेवट गोड आहे. माणसाला उताऱ्यात न मिळालेलं सुख पर्यायात दिसतं आणि तो ते उचलतो. ह्यात मूर्खपणा नाही, चांगुलपणा आहे. पण चांगुलपणाला मार्क नाहीत.

थोड्याच दिवसांत वर्गात तीच भाषा व्हायची. मॅडम, जावई सापडला. मॅडम, ह्यात दोन जावई आहेत. एकदा एका मुलीचे वडील तिला सोडायला आले होते, तिचं लग्न बघत होते. आतून 'जावई चुकीचा आहे' असं तिच्याच आवाजात ऐकू आलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. भिंगारचे एक सुभेदार होते, फौजेतून निवृत्त, आता सरकारी कचेरीत जागा मिळते का बघत होते. पहिल्या बाकावर ताठ बसायचे. बूट असे की त्यात तोंड दिसावं. त्यांना 'नेहमी', 'कधीच', 'फक्त', 'सर्व' असे शब्द असलेले पर्याय फार आवडायचे आणि ते नेमके चुकायचे. मी समजावलं की उतारा म्हणतो 'बहुतेक शेतकरी', पर्याय म्हणतो 'सर्व शेतकरी', म्हणजे पर्यायाचं तोंड उताऱ्यापेक्षा मोठं झालं, तो खोडा. त्यांना पटेना. म्हणाले, "मॅडम, गेट बहुतेक बंद आहे असं पहारेकऱ्यानं सांगितलं तर तुम्हाला झोप येईल का?" तीन आठवडे मी हात टेकले. मग एक दिवस त्यांच्याच भाषेत सांगितलं. सुभेदार, तुम्ही गेटवर उभे आहात. चार अनोळखी माणसं आली. प्रत्येकाला ओळखपत्र मागा, तू कुठल्या ओळीतून आलास? ओळ दाखवता आली नाही तर आत सोडू नका. त्या दिवसापासून ह्या माणसाचा एकही प्रश्न चुकला नाही. नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन आले आणि जिन्यावरून उतरताना सलाम ठोकला. मला बाई रडू आलं.

पण वर्गातली मोठी डोकेदुखी वेगळीच होती. ही सगळी शेताभातातली पोरं. उताऱ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असायचं. उतारा कांद्याचा होता, त्यात लिहिलेलं की चाळीत कांदा सहा महिने टिकतो. प्रश्न साधा, कांदा किती महिने टिकतो? पारनेरच्या एका मुलानं चार महिन्यांवर खूण केली. का, तर त्याचा चार महिन्यांत सडला होता. तो ऐकायलाच तयार नाही. उतारा चुकला हाय, मॅडम. मी म्हटलं, तुझा कांदा सडला त्याचं मला वाईट वाटतं, पण उताऱ्यातला कांदा सडलेला नाही. मग उतारा शेळीपालनाचा असो, नाहीतर विहिरीचा, नाहीतर ग्रामसभेचा, हे भांडण ठरलेलं. शेवटी मी एक नियम केला. घरचं घरी. चपला दाराबाहेर काढता, तसं घरचं शहाणपणही तिथंच काढून ठेवायचं. उताऱ्यात असेल तेवढंच खरं. रोज तास सुरू करताना फळ्याच्या कोपऱ्यात मी ते दोन शब्द लिहायचे. घरचं घरी. ह्या नियमानं किती जण तरले मला माहीत आहे. ज्याच्यामुळं मी हे लिहायला बसले तोही हाच नियम.

शोभा तीन वर्षांपूर्वी आली. कर्जतच्या पुढं तिचं सासर. नवरा टेम्पो चालवतो, दोन मुली. ती स्वतः तालुक्याच्या एका कचेरीत कंत्राटावर कॉम्प्युटरवर बसायची. अकरा महिन्यांचं कंत्राट, मग मधे काही दिवस घरी, मग पुन्हा अर्ज, पुन्हा कुणाच्या तरी केबिनबाहेर उभं राहणं. नऊ वर्षं हेच. त्या काळात नवे कायम कारकून आले, त्यांना काम हिनं शिकवलं आणि मग त्यांनीच हिला हजेरीच्या सहीवरून बोलायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना विचारते तसं तिला विचारलं, काय व्हायचंय? कुणी तलाठी म्हणतं, कुणी पोलीस. शोभा म्हणाली, "मला कायम व्हायचंय." कुठल्या जागेवर ते तिनं सांगितलंच नाही. वयाच्या अटीत तिच्याकडं तेव्हा दोन-तीन परीक्षा उरल्या होत्या. लिपिकाच्या ज्या परीक्षेची गोष्ट मी पुढं सांगणार आहे ती शेवटची. त्यानंतर अर्जातली जन्मतारखेची चौकटच तिला बाहेर काढणार होती.

वाचायला ती फार तल्लख. मी एवढी वर्षं मराठी शिकवली, पण जुने शब्द तिला माझ्याइतके यायचे. तिचे वडील कर्जतच्या बाजारात शिलाईचं दुकान चालवायचे. त्यांना ती आण्णा म्हणायची. शाळा सुटली की ती आण्णांच्या दुकानात काजंबटणं करत बसायची, गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकत. तिची भाषा त्या दुकानात घडलेली. तिची खोडही तिथलीच. कुठलाही उतारा वाचला की हिचं सुरू, "मॅडम, आमच्याकडं न्हाई का..." आणि मी फळ्याच्या कोपऱ्याकडं बोट दाखवायचे. घरचं घरी. ती ओशाळून हसायची.

आता मला जे सांगायचं ते सांगून टाकते. मे महिना होता. वीज गेलेली, पंखे बंद. गिरणी डिझेलच्या इंजिनावर चाललेली, खोलीभर धडधड. चाळीस माणसं त्या खोलीत. माझा घसा बसलेला, गुडघे ठणकत होते आणि एक वाजायला दहा मिनिटं होती. बाजारात मिळणाऱ्या एका गाइडमधला सरावाचा उतारा चालला होता. त्यात एक वाक्य होतं, 'अकराच्या सुमारास पाऊस उघडला आणि सोसायटीतली माणसं गच्चीवर आली.' प्रश्न, अकराच्या सुमारास काय झाले? गाइडच्या मागं उत्तर छापलेलं, 'पाऊस सुरू झाला.' दुकान उघडलं म्हणजे सुरू झालं, शाळा उघडली म्हणजे सुरू झाली, तसा पाऊसही उघडला म्हणजे सुरू झाला असं गाइडवाल्यानं ठरवून टाकलं होतं. निम्म्या वर्गानंही तेच केलेलं. माणसं गच्चीवर भिजायला आली असणार, असं एकानं समजावूनही सांगितलं.

शोभा उठून उभी राहिली. म्हणाली, मॅडम, पाऊस उघडला म्हंजी थांबला. आमच्याकडं...

ती बरोबर होती. मला ते त्या क्षणी माहीत होतं. मराठी शिकवण्यात जन्म गेला, उघडीप म्हणजे काय हे मला माहीत नसेल? पण तिचं बरोबर म्हणायचं तर गाइड चूक म्हणायला हवं. मग पोरं विचारणार, आणखी कुठं कुठं चूक आहे? मग प्रत्येक उत्तरावर वाद. वीस मिनिटं तरी त्यातच गेली असती. आणि ते 'आमच्याकडं' ऐकून माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "शोभा, आमच्याकडं वगैरे इथं चालत नाही. शब्द दिसतो तसा घ्यायचा. पुस्तकात उत्तर दिलंय ते धर आणि खाली बस."

ती खाली बसली. वही उघडून तिनं काहीतरी लिहिलं. मी तिच्या बाकाजवळून गेले तेव्हा दिसलं. लाल पेननं लिहिलं होतं, शब्द दिसतो तसा घ्यायचा. खाली दोन रेघा मारलेल्या. पुढच्या शनिवारी ही चूक सुधारू, असं मी जिना उतरताना स्वतःला सांगितलं. पुढच्या शनिवारी दुसरा उतारा होता. त्याच्या पुढच्या शनिवारी मी विसरले. विसरले म्हणजे काय, दोनदा आठवलं आणि दोन्ही वेळा म्हटलं, जाऊ दे, एवढ्याशा शब्दानं काय होतंय.

परीक्षा झाली. तिचं केंद्र पुण्याला आलं होतं, नवरा टेम्पोतूनच घेऊन गेला. बाहेर आल्यावर तिनं मला फोन केला, पेपर बरा गेला म्हणाली. मग वाट बघणं सुरू झालं. निकाल लागला त्या आठवड्यात ती आली. रविवार होता, तास संपून मुलं पांगली होती. ती शेवटच्या बाकावर बसली. यादीतल्या शेवटच्या माणसापेक्षा तिचा एक प्रश्न कमी होता, एवढंच तिनं सांगितलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलायला लागले, नशीब, पुढची भरती, असलं काहीबाही. पुढची भरती तिला नव्हती हे बोलता बोलता माझ्या लक्षात आलं.

तिनं मोबाईल काढला. परीक्षेनंतर प्रत्येकाला आपली उत्तरं बघायला मिळतात. प्रश्न, त्याखाली चार पर्याय, बरोबर उत्तरापुढं हिरवी खूण आणि आपण कुठला पर्याय निवडला ते. तिनं त्या पानाचा फोटो काढून ठेवला होता. मोबाईल माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "मॅडम, ह्यातला जावई कोनता हुता?"

मी चष्मा लावला. उताऱ्यातलं वाक्य होतं, 'पत्नीच्या आजारपणानंतर दिगंबररावांनी दुकान वाढवले व ते मुलाकडे राहावयास गेले.' प्रश्न, दिगंबररावांनी दुकानाचे काय केले? पर्याय चार. विकले. बंद केले. मोठे केले. मुलाच्या नावे केले.

ज्यांच्या घरात दुकान नव्हतं त्यांच्यासाठी सांगते. दुकानदार 'दुकान बंद केलं' असं तोंडानं म्हणत नाही. ते अशुभ. तो म्हणतो, दुकान वाढवलं. देवापुढं नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली तरी ती वाढली म्हणायचं. आपल्या भाषेनं नको त्या गोष्टींना हे चांगलं नाव दिलेलं आहे. त्यामुळं मी वाक्य वाचलं आणि लगेच म्हटलं, जावई हा, 'मोठे केले'. उताऱ्यातला शब्द घालून आलाय.

शोभानं मान हलवली. म्हणाली, "मला उलटं वाटलं. 'बंद केले' वाचलं आन मला आण्णा दिसले. रोज संध्याकाळी मशीनवर कापड टाकायचे आन म्हनायचे, चल शोभे, दुकान वाढवू. डोळे गेले, धागा दिसंना झाला, तवा शेवटच्या दिवशी पन तसंच म्हनले. मी म्हटलं, घरचं आठवायलंय म्हंजी हाच जावई हाय. मग दिसतो तसा शब्द घेतला."

तिचा आवाज अजिबात चढला नाही. ती मला जाब विचारायला आली नव्हती. कुठं चुकलं ते नीट कळावं म्हणून आली होती, एखादी विद्यार्थिनी येते तशी. मी उगाच म्हटलं, उत्तरावर हरकत घेता आली असती का? ती म्हणाली, हरकत कशावर घ्यायची, उत्तर तर बरोबरच हाय. तेही खरं होतं. एवढ्या वर्षांत मी पेपर काढणाऱ्यांच्या नावानं इतकी बोटं मोडली, आणि ज्या दिवशी कुणीतरी आपली भाषा जाणणाऱ्या माणसानं पेपर काढला त्या दिवशी माझीच विद्यार्थिनी चुकली. चुकली नाही, मी चुकवली. त्या प्रश्नातला खरा जावई मी होते. नटूनथटून तेरा वर्षं फळ्यापुढं उभी राहिलेली.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "शोभा, त्या दिवशी पाऊस थांबलाच होता."

"म्हाईत हाय, मॅडम."

"मग तेव्हा भांडली का नाहीस माझ्याशी?"

तिनं मोबाईल उचलून घेतला. मग म्हणाली, "तुमी लई दमला हुता."

ह्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिला चहा पाजला, एसटी स्टँडपर्यंत रिक्षानं सोडायला गेले. वाटेत धाकटीच्या शाळेचं काहीतरी ती बोलत होती, मी हं हं करत होते. घरी आले तर ह्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. चार पर्यायांत 'काही नाही' असलं की तो बहुतेक वेळा चुकीचा असतो, हे ह्यांनाही आता माहीत झालंय. त्यांनी पुढं विचारलं नाही. ताट वाढलं आणि समोर बसून राहिले.

पुढच्या शनिवारी मी फळ्याच्या कोपऱ्यातलं 'घरचं घरी' पुसलं. इतकी वर्षं रोज तिथंच लिहिलेलं, त्याची पांढरी छाया काही जाईना. वर्गाला सगळं सांगितलं. शोभाचं नाव घेतलं नाही, माझं घेतलं. मे महिन्यातला पाऊस थांबला होता आणि मला माहीत असून मी तो सुरू झाला असं सांगितलं, हेही सांगितलं. मग मागून एकानं विचारलं, मॅडम, मग परीक्षेत धरायचं काय, घरचं घ्यायचं का नाही? प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर मी तेरा वर्षांपूर्वीच शोधायला हवं होतं. घरचा कांदा किती दिवस टिकला ते दाराबाहेर ठेवा. पण घरचे शब्द घेऊन आत या. माहिती उताऱ्याची, भाषा घरची. आण्णा दुकान वाढवू म्हणाले की त्याचा अर्थ काय, हे कुठल्या गाइडमध्ये मिळणार नाही. एवढं साधं होतं. मी दोन्ही गोष्टी एकाच चपलेबरोबर बाहेर काढायला लावत होते, कारण तसं सांगणं सोपं होतं आणि चाळीस जणांना गप्प बसवता येत होतं.

त्यानंतर काही महिने मी शिकवलं. बरं शिकवलं असावं, दोघं-तिघं लागलेही. पण प्रत्येक वेळी कुणी 'आमच्याकडं' म्हटलं की माझा खडूचा हात खाली यायचा. मी सगळं सोडून ऐकत बसायचे. अर्ध्या वेळा ते कांद्याचंच निघायचं, तरी ऐकायचे. तासात निम्मे उतारे राहून जायचे. काही मुलं फ्लेक्सवाल्यांकडं गेली, त्यांचंही चुकलं नाही.

दसऱ्याला मी थांबायचं ठरवलं. लोक विचारतात, का? मी सांगते, गुडघे. कुणाला सांगते, घसा. कुणाला सांगते, गिरणीवाल्यांना खोली पाहिजे. तिन्ही खरी आहेत, म्हणून तर पटतात.

जुन्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एकच ओळ टाकली. 'दसऱ्यापासून मी क्लास वाढवला आहे.' आता कुणी म्हणेल, सवयीनं तसं लिहिलं गेलं असेल. खोटं कशाला बोलू, मुद्दाम लिहिलं. पाच मिनिटांत अंगठे आणि फुलं सुरू झाली. अभिनंदन मॅडम. नवीन बॅचची वेळ काय? माझ्या भावाला घ्यायचं आहे, जागा आहे का? सुभेदारांनी जय हिंद लिहून विचारलं, नवी शाखा कुठं? मी एकालाही उत्तर दिलं नाही. त्या बिचाऱ्यांची चूक नव्हती. त्यांना दिसतो तसा शब्द घ्यायला मीच शिकवलं होतं.

दुपारी दीड वाजता फोन वाजला. जेवणाच्या सुट्टीत शोभा कचेरीच्या आवारातून बोलत होती, मागं गाड्यांचे आवाज होते. नमस्कार नाही, कशा आहात नाही.

"बंद का केला, मॅडम?"

मी म्हटलं, "गुडघे दुखतात गं आता. जिना होत नाही."



"ह्यो जावई झाला," शोभा म्हणाली. "खरं उत्तर सांगा."

मग मी तिला खरं सांगितलं, मे महिन्यातल्या त्या पावसापासून.